परवर: मोत्यांच्या किनाऱ्यावरची जात, तिचा इतिहास आणि तिची पत

प्रश्न विचारणारे गृहस्थ मराठी आहेत आणि नोकरीनिमित्त तूत्तुक्कुडीला असतात. त्यांच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचं आडनाव फर्नांडो. घरी बोलायची भाषा तमिळ, धर्म रोमन कॅथलिक, वाडवडिलांचा धंदा मासेमारीचा, आणि गप्पांच्या ओघात तो ठामपणे सांगतो की आम्ही पांड्य राजांच्या वंशातले. त्यावरून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. हे लोक मूळचे गोव्याकडचे आहेत का? आपल्या कोळ्यांसारखीच ही जात आहे का? आणि तमिळ समाजात तिला वरची मानतात की खालची?

किनाऱ्यावरच्या मासेमार समाजांमध्ये माझं आयुष्य गेलं आहे आणि त्यातला मोठा काळ याच पट्ट्यात गेला. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हे लोक गोव्याचे नाहीत. ते तिथलेच, अगदी जुने तमिळ लोक आहेत. फर्नांडो, रोड्रिगो, रोश, मोटा, कोरेरा, मच्याडो ही आडनावं सोळाव्या शतकात बाप्तिस्म्याबरोबर आली. पोर्तुगीज रक्ताशी त्यांचा संबंध लावायचं कारण नाही. जातीचं रूढ नाव परवर. आज समाजातली बरीच माणसं स्वतःला परदवर किंवा भरतर म्हणवतात आणि त्यांच्याशी बोलताना तेच नाव वापरलेलं बरं. त्यांची वस्ती मन्नारच्या आखाताला लागून आहे. वेम्बार, वैप्पार, तूत्तुक्कुडी, पुन्नैकायल, वीरपांडियनपट्टिणम, आलन्दलै आणि मणप्पाडु ही त्यांची सात मानाची गावं. यांखेरीज कन्याकुमारीपर्यंत लहानमोठी अनेक गावं आहेत.

तमिळ किनाऱ्यावरचे सगळे मासेमार म्हणजे परवर नव्हेत, हेही सुरुवातीलाच सांगायला हवं. चेन्नईपासून नागपट्टिणमच्या बाजूला पट्टणवर आहेत, ते बहुतांशी हिंदू. त्यांच्या ऊर (म्हणजे गाव) पंचायती आजही गावाचे निर्णय घेतात. कन्याकुमारीच्या पश्चिमेला केरळपर्यंत मुक्कुवर, तेही मोठ्या संख्येने कॅथलिक. नदी-तलावात मासे धरणारे सेम्बडवर वेगळे. कायलपट्टिणम आणि कीळक्करै इथले मरक्कायर मुसलमान तर शतकानुशतकं याच समुद्रावर व्यापार करत आले आहेत. यांच्यात आपापसात सोयरीक होत नाही. ‘मीनवर’ हा शब्द सरकारी कागदावर सगळ्यांना लागू होतो, पण गावात गेल्यावर तो पुरत नाही. आपल्याकडे सोनकोळी आणि महादेव कोळी यांना एकच समजणारा माणूस जसा फसतो तसंच इथे होतं.

आता मूळ मुद्दा. परवरांची समाजातली जागा वर्णाच्या शिडीवर शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. ती जागा ठरवली मोत्यांनी. मोती समुद्राच्या तळातून वर आणणारा माणूस कोण, त्यातला वाटा कोणाला जातो आणि त्या बदल्यात संरक्षण कोण देतं, या तीन गोष्टी बदलल्या की जातीची पतही बदलत गेली. जमिनीवरचे शेतकरी आणि व्यापारी त्यांच्याकडे एका नजरेने पाहत, राजे आणि कंपन्या वेगळ्याच नजरेने पाहत.

सगळ्यात जुने उल्लेख संगम वाङ्मयात, म्हणजे अगदी प्राचीन तमिळ काव्यात आहेत. त्या कवितेत भूमीचे पाच प्रकार मानले आहेत आणि समुद्रकिनाऱ्याची भूमी म्हणजे नेय्दल. तिथले लोक परदवर. ते मासे धरतात, मीठ पिकवतात, मासळी देऊन धान्य घेतात. ‘पट्टिनप्पालै’ या काव्यातलं एक दृश्य मला फार आवडतं. पौर्णिमेच्या दिवशी परदवर समुद्रावर जात नाहीत. करवतीसारखं लांब तोंड असलेल्या माशाचं ते हाड वाळूत रोवतात, त्यात देवता आहे असं मानून पूजा करतात, फुलं माळतात, ताडी पितात आणि खेळतात. दुसरीकडे ‘मदुरैक्कांजी’त पांड्य राजा नेडुंजेळियनची स्तुती करताना त्याला दक्षिणेच्या परदवरांवर तुटून पडणारा वीर म्हटलं आहे. म्हणजे राजाला ज्यांना लढून नमवावं लागलं असे हे लोक होते. दुबळ्या वस्तीला जिंकल्याची बढाई कोणी मारत नाही.

पांड्य वंशाचा दावा इथूनच आपला आधार शोधतो. मी तो शब्दशः खरा मानत नाही. पांड्यांचं मोत्यांचं बंदर कोर्कै होतं. आज ते गाव गाळ साचल्यामुळे समुद्रापासून काही किलोमीटर आत, ताम्रपर्णीच्या खोऱ्यात शेतीत हरवलं आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात याच बंदराबद्दल लिहिलं आहे की मोती काढायच्या कामाला शिक्षा झालेल्या कैद्यांना लावतात. राजवंश आणि कैदी, दोन टोकांचे हे दावे एकाच किनाऱ्याबद्दल आहेत. माझं वाचन असं: मोत्यांचा धंदा राजाच्या हातात होता, पाणबुडे त्याच्या हुकमातले होते, आणि त्यांच्या म्होरक्यांना दरबारात मान होता. राजाशी असलेलं हे जुनं नातं पुढच्या पिढ्यांनी रक्ताच्या नात्यासारखं सांगितलं. भारतभर असं झालेलं दिसतं.

मोती काढायचं काम कसं चालायचं हे कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही. समुद्राच्या तळाशी खडकाळ पट्टे असतात, त्यांना पार म्हणतात. त्यांवर शिंपले चिकटून वाढतात. हंगाम वसंतात, वारा पडलेला आणि पाणी नितळ असताना. पहाटेच्या वाऱ्यावर होड्या पारावर जायच्या. पाणबुडा दोराला बांधलेल्या जड दगडावर पाय ठेवायचा, नाक दाबायचा आणि दगडाबरोबर सरळ तळाशी जायचा. कमरेला किंवा गळ्यात जाळीची पिशवी. तळाशी जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात हाताला लागतील तेवढे शिंपले ओरबाडायचे आणि दोराला झटका द्यायचा. होडीत उभा असलेला जोडीदार त्याला वर ओढायचा. हा जोडीदार बहुधा नात्यातलाच असे, कारण जीव त्याच्या हातात असायचा. शार्कची भीती कायमची. तिच्यासाठी मंत्र घालणारा माणूस असे, तमिळमध्ये त्याला कडल कट्टी म्हणत. तेराव्या शतकाच्या शेवटी इथे आलेल्या मार्को पोलोने लिहिलं आहे की राजाला दहावा हिस्सा मिळतो आणि माशांना बांधून ठेवणाऱ्या मांत्रिकांना विसावा. किनाऱ्यावर आणल्यावर शिंपले कुजू देत आणि मग धुऊन मोती वेचत. तो वास मैलभर पसरायचा, तरी त्या वासात देशोदेशीचे व्यापारी तंबू ठोकून बसत.

दरवर्षी मोती मिळत नसत. पार रिकामे पडले की दहा-दहा, वीस-वीस वर्षं हंगाम होत नसे. म्हणून रोजचं पोट मासळीवर आणि शंखांवर. मन्नारच्या आखातातला शंख बंगालमध्ये विवाहितांच्या बांगड्यांसाठी जातो. ही बाजारपेठ फार जुनी आहे आणि मोत्यांपेक्षा भरवशाची.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला या किनाऱ्यावरचा मोत्यांचा व्यापार मुख्यतः मुसलमान व्यापाऱ्यांकडे होता आणि पांड्यांची सत्ता विस्कटली होती. पाणबुड्यांना कर्ज, कराराचं ओझं आणि कोणाकडे दाद मागायची याचा पत्ता नाही, अशी अवस्था. १५३० च्या दशकात या तणावाचा भडका उडाला. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्रींच्या लेखनात त्याचं निमित्त असं दिलं आहे की एका परवर बाईचा अपमान झाला, तिचा नवरा जाब विचारायला गेला तेव्हा त्याच्या कानातला दागिना कानासकट ओरबाडला गेला. दोन्ही बाजूंनी माणसं मेली. पोर्तुगीज तेव्हा मोत्यांवर डोळा ठेवून होतेच. कालिकतचा घोड्यांचा व्यापारी जुआंव द क्रूज, जो स्वतः वीसेक वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाला होता, त्याने परवरांच्या म्होरक्यांना सल्ला दिला की पोर्तुगीजांकडे जा, त्यांचा धर्म घ्या, आरमार तुमच्या बाजूने येईल.

१५३६ मध्ये परवरांचे प्रमुख, ज्यांना पट्टंगट्टी म्हणत, कोचीनला गेले आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ पाद्री बाप्तिस्मा द्यायला किनाऱ्यावर आले आणि १५३७ पर्यंत सुमारे वीस हजार लोक ख्रिस्ती झाले. १५३८ मध्ये रामेश्वरमजवळ वेदालै इथे मार्तिम आफोंसो द सोझा याने कालिकतच्या मरक्कार या मुसलमान दर्यावर्दींच्या आरमाराचा पराभव केला आणि मोत्यांचे पार पोर्तुगीजांच्या छायेखाली आले.

या घटनेकडे धर्मांतराच्या ठरावीक चष्म्यातून पाहू नका. इथे कोणी एकेकट्याने श्रद्धा बदलली नाही. जातीच्या म्होरक्यांनी बसून ठरवलं आणि अख्खी जात एकदम गेली. म्हणून जात मोडली नाही, उलट घट्ट झाली. आधी ज्या गावात वेगवेगळ्या देवळांशी, वेगवेगळ्या मालकांशी नाती होती, तिथे आता एक चर्च, एक संरक्षक आणि सगळ्या परवरांना बांधणारी एक ओळख आली. गोव्यातल्या वाचकांना बामण, चारडे आणि शूद्र या ख्रिस्ती जाती माहीत आहेत. तिथेही बाप्तिस्म्यानंतर जात टिकली, पण गोव्यात एका गावातल्या अनेक जाती ख्रिस्ती झाल्या आणि त्यांची उतरंड चर्चमध्ये आली. इथे एक जात आणि तिचा एक धर्म असं समीकरण झालं. परवर म्हणजे कॅथलिक, हे तूत्तुक्कुडीच्या भागात आजही गृहीत धरलं जातं.

धर्म समजावून सांगायला मात्र पाच वर्षं कोणी आलंच नाही. मे १५४२ मध्ये गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर त्याच वर्षीच्या शेवटी शेवटी या किनाऱ्यावर पोचले. ज्या झेवियरांचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझुस बॅसिलिकात आहे, ज्यांच्या दर्शनाला २०२४ च्या अखेरीस लाखो लोक गेले, त्यांचं भारतातलं खरं कष्टाचं काम या मच्छीमार गावांमध्ये झालं. त्यांनी तमिळ प्रार्थना पाठ केल्या, मुलांकडून घोकून घेतल्या, घंटा वाजवत गल्ल्यांतून फिरले. त्यांची १५४४ ची पत्रं वाचण्यासारखी आहेत. उत्तरेकडून आलेल्या घोडेस्वारांनी, ज्यांना ते बडग म्हणतात, किनाऱ्यावर हल्ले केले तेव्हा परवर कन्याकुमारीजवळ समुद्रातल्या खडकांवर जाऊन बसले. खायला अन्न नाही, प्यायला पाणी नाही. झेवियर मणप्पाडुहून वीस तोण्यांमध्ये, म्हणजे तिथल्या होड्यांमध्ये, मदत घेऊन निघाले आणि उलट्या वाऱ्यामुळे पोचू शकले नाहीत. दारू पिणाऱ्या बायकांना दंड आणि कैद करा, अशा सूचनाही ते सहकाऱ्याला देतात, आणि त्याची जबाबदारी पट्टंगट्टींवर टाकतात. चर्च चालवायला जातीचीच यंत्रणा वापरली गेली ती अशी.

इथे एक गोष्ट मराठी वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. झेवियरांनंतर आलेले आंरिक आंरिकेस हे पोर्तुगीज जेझुइट तमिळ इतकं उत्तम शिकले की त्यांनी परवरांसाठी तमिळ लिपीत पुस्तकं छापून घेतली. १५७८ मध्ये कोल्लमला छापलेलं ‘तंबिरान वणक्कम’ हे भारतात भारतीय लिपीत छापलेलं पहिलं पुस्तक. १५८६ मध्ये संतचरित्रांचा जाड ग्रंथ तयार झाला तो पुन्नैकायल या परवरांच्या गावात. छापखान्याला परवरांनी वर्गणी दिली होती. फादर स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं १६१६ मध्ये, तेही रोमन लिपीत. म्हणजे भारतीय लिपीतल्या ग्रंथमुद्रणाचा पहिला वाचक पंडित नव्हता, दरबारी नव्हता, तो समुद्रात बुडी मारणारा माणूस होता. या एका गोष्टीसाठी तरी या जातीचं नाव आपल्या शाळांच्या इतिहासात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१६५८ मध्ये डच कंपनीने तूत्तुक्कुडी घेतलं. डच प्रोटेस्टंट, त्यांनी कॅथलिक पाद्रींना हाकललं आणि आपले उपदेशक आणले. परवर हलले नाहीत. पाणबुडे हवे असतील तर कॅथलिक परवरांशीच बोलावं लागेल, हे डचांच्या हळूहळू लक्षात आलं. या काळात जातीचा वंशपरंपरागत प्रमुख, जाति तलैवर, फार मोठा झाला. मोत्यांच्या हंगामात ठरावीक दगड, म्हणजे ठरावीक पाणबुड्यांची कमाई, त्याची असे. कंपनी त्याच्याशी करार करायची, तो गावागावांतून माणसं आणायचा, भांडणं सोडवायचा, दंड करायचा. इंग्रजांनीही सुरुवातीला हीच पद्धत चालू ठेवली. त्यांच्या काळात शिंपल्यांचे दोन वाटे सरकारचे आणि एक वाटा पाणबुड्यांचा असा हिशोब होता.

जाति तलैवराची सत्ता डोळ्यांनी पाहायची असेल तर तूत्तुक्कुडीची पनिमय मादा, म्हणजे हिमाची माता, पाहा. तिची मूर्ती सोळाव्या शतकात मनिलाहून आली असं सांगतात. ५ ऑगस्टला तिचा सण असतो आणि काही विशेष वर्षी सोन्याचा रथ निघतो. हा रथ पहिल्यांदा १८०६ मध्ये ओढला गेला. तिरुच्चेंदूरच्या मुरुगन देवळाचा रथ पाहिलेल्या माणसाला त्याची उंची, चाकं, दोर, दोर धरण्याचा मान, सगळं ओळखीचं वाटेल. बिनजाणकार लोक याला ख्रिस्ती धर्मात शिरलेली हिंदू रूढी म्हणून सोडून देतात. माझ्या मते त्यात राजकारण अधिक आहे. तमिळ देशात ज्या जातीचा देव स्वतःच्या रथात बसून रस्त्यावरून फिरतो, त्या जातीला सार्वजनिक मान आहे. परवरांनी तो मान आपल्या आईच्या नावाने मिळवला आणि दोराला पहिला हात जाति तलैवराचा लावला.

जातीच्या आतही सगळे सारखे नव्हते. पैसेवाले, जमिनी आणि तोण्या बाळगणारे, युरोपीय पद्धतीचे कपडे घालणारे एका बाजूला, त्यांना मेसैक्कारर म्हणत. दुसऱ्या बाजूला रोज समुद्रावर जाणारे कमरक्कारर. लग्नं शक्यतो आपल्याच थरात. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही परवरच दिसतात, पण तुमच्या सहकाऱ्याचं घराणं कोणत्या थरातलं यावर त्याच्या आजोबांचं आयुष्य ठरलं असणार. वरच्या थरातल्या माणसांनी तूत्तुक्कुडी ते कोलंबो, मालदीव असा तोण्यांचा व्यापार केला. शहराला ताम्रपर्णीचं पिण्याचं पाणी मिळवून देणारे नगरपालिकेचे अध्यक्ष राव बहादुर क्रूज फर्नांडिस याच समाजातले. तहानलेल्या बंदराला पाणी देणारा माणूस म्हणून सगळ्या जातींचे लोक आजही त्यांचं नाव आदराने घेतात.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी एकदम घडल्या. एक, चर्चच्या आत गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखालचे पाद्री आणि रोमने पाठवलेले फ्रेंच जेझुइट यांच्यात अधिकाराचं भांडण लागलं. गावं दुभंगली. गोव्याशी असलेलं नातं जातीच्या म्होरक्यांनी लावून धरलं, कारण जुने मान त्या व्यवस्थेत सुरक्षित होते. १९२३ मध्ये तूत्तुक्कुडीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि तिबुर्तियुस रोश हे भारतीय बिशप तिथे बसले. दोन, जनगणना आली. प्रत्येक जातीला सरकारी खात्यात आपली जागा लिहून घ्यायची घाई झाली. मच्छीमार हा शिक्का नको म्हणून परवर नेत्यांनी भरतवंशी क्षत्रिय असल्याच्या पुस्तिका आणि अर्ज लिहिले. शेजारच्या नाडार जातीचे लोक हेच करत होते. त्या काळातल्या तमिळनाडूत हे सर्वत्र चाललं होतं.

आता विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाकडे थेट येतो. शेतकरी आणि व्यापारी जातींच्या नजरेत समुद्रावर जाणारा माणूस खालचा होता. मासळीचा वास, जीव मारण्याचा धंदा, ताडी, आरडाओरडा, ही कारणं सांगितली जात. पण परवरांना कोणाच्या शेतावर राबावं लागलं नाही, कोणा जमीनदाराच्या वेठीला ते नव्हते. गावाची वाळू त्यांची, गावातलं चर्च त्यांचं, भांडणाचा निवाडा त्यांच्याच म्होरक्याकडे. म्हणून दलित जातींवर जी बंधनं होती ती त्यांच्यावर तशी बसली नाहीत. भक्तिपरंपरेतही त्यांना जागा आहे. त्रेसष्ट नायन्मारांमधले, म्हणजे तमिळ शैव संतांमधले अतिपत्तर हे नागपट्टिणमचे परदवर. जाळ्यातला पहिला मासा शिवाला म्हणून समुद्रात सोडणारे. एके दिवशी रत्नजडित सोन्याचा एकच मासा मिळाला, तोही त्यांनी सोडला. मदुरैच्या पुराणात तर पार्वती मच्छीमाराच्या घरी जन्म घेते आणि शिव जाळं टाकून तिला मिळवतो.

स्वातंत्र्यानंतर मोती संपले. १९६१ नंतर तूत्तुक्कुडीला मोत्यांची मोठी मोहीम झालेली नाही. १९७३ मध्ये त्याच किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी संवर्धित मोती तयार केला, पण त्यातून पाणबुड्यांचं गाव पुन्हा उभं राहिलं नाही. १९८६ मध्ये मन्नारच्या आखातातली बेटं सागरी राष्ट्रीय उद्यानात गेली, २००१ मध्ये समुद्री काकडी काढण्यावर बंदी आली. बुडी मारून जगणाऱ्यांच्या हातात उरला शंख.

मासेमारीत ट्रॉलर आले. ते बहुधा पैसेवाल्यांचे, मग ते परवर असोत वा नसोत. कायद्याप्रमाणे किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांत ट्रॉलरने जाळं ओढायचं नाही, पण कोळंबी तिथेच असते आणि भांडण तिथेच पेटतं. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ६१ दिवस बंदी असते, त्या काळात बंदरावर जाळी विणणाऱ्यांची रांग लागते.

सकाळी कधी होड्या वाळूवर येताना पाहा. मासळी उतरते, वाळूवर ढीग पडतो, लिलाववाला आकडे ओरडू लागतो. पण बोली लागायच्या आधीच बऱ्याच होड्यांचा माल कोणाचा हे ठरलेलं असतं. ज्या व्यापाऱ्याने इंजिनासाठी किंवा जाळ्यासाठी आगाऊ रक्कम दिली, त्याला माल द्यायचा आणि वर दलाली सोडायची. व्याज असं नाव कोणी घेत नाही. कर्ज फिटतही नाही, कारण फिटलं की व्यापाऱ्याचा हक्क जातो. सोळाव्या शतकातल्या पाणबुड्याच्या तक्रारीत आणि या तांडेलाच्या तक्रारीत मला फार अंतर दिसत नाही. बायका टोपल्या घेऊन उभ्या असतात, त्यांना उरलेला, बारीक माल मिळतो आणि घर त्या मालावर चालतं.

सरकारी दर्जा हा तर वेगळाच गुंता. तमिळनाडूत परवर, ख्रिस्ती धरून, अतिमागास वर्गात येतात. १९८९ मध्ये हा वर्ग वेगळा काढून त्याला वीस टक्के आरक्षण दिलं गेलं. इतर अनेक जातींतले ख्रिस्ती झालेले लोक सवलतीच्या वरच्या, म्हणजे कमी लाभाच्या यादीत सरकतात. मासेमार जातींना यातून मुद्दाम वगळलं आहे, हा त्यांच्या संघटित ताकदीचा परिणाम. पण कन्याकुमारी जिल्ह्यात आणि शेंकोट्टै तालुक्यात हिंदू परवन अनुसूचित जातीत आहेत. कारण हा भाग १९५६ पर्यंत त्रावणकोर-कोचीनमध्ये होता आणि तिथली यादी तशीच पुढे चालत आली. म्हणजे हद्दीच्या अलीकडे अतिमागास, पलीकडे अनुसूचित, आणि पलीकडचा माणूस ख्रिस्ती असेल तर अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशामुळे पुन्हा अनुसूचित नाही. मच्छीमारांना अनुसूचित जमातीत घ्या अशी मागणी राज्यातले पक्ष वारंवार करतात, निवडणुका आल्या की जास्त.

समुद्रापलीकडे गणित आणखी वेगळं. श्रीलंकेत कोलंबो आणि नेगोंबोला स्थायिक झालेले भरतर व्यापारात नावाजले आणि तिथल्या जनगणनेत त्यांची ‘भरत’ अशी स्वतंत्र वांशिक गट म्हणून नोंद होते. त्याच घराण्याची एक शाखा तूत्तुक्कुडीला अतिमागास, दुसरी कोलंबोला वेगळा वंश.

संघटित ताकद म्हणालो ती इडिन्दकरैला सगळ्या देशाने पाहिली. कूडंकुळम अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधात २०११-१२ मध्ये या परवर गावाच्या चर्चच्या आवारात महिनोन्महिने लोक बसले होते, त्यात बायका पुढे. हजारो लोकांवर देशद्रोहासारखे गुन्हे नोंदवले गेले. प्रकल्प थांबला नाही. पण चर्चची घंटा वाजली की अख्खं गाव जमतं, ही पद्धत झेवियरांच्या काळापासूनची आहे आणि प्रशासनाला ती नीट ओळखता आली नाही.

तुमच्या सहकाऱ्याबद्दल एवढंच सांगेन. त्याला जात विचारू नका, ऊर विचारा. वेम्बार की मणप्पाडु, पुन्नैकायल की आलन्दलै, हे सांगताना तो आपोआप घराणं, चर्च, सण आणि कोलंबोला गेलेला काका सांगू लागेल. पांड्यांचा विषय काढला तर वाद घालू नका, कोर्कैला घेऊन जायला सांगा. आणि ५ ऑगस्टला सुट्टी काढून पनिमय मादाच्या देवळात जा. तिथे गर्दीत हिंदू, मुसलमान, नाडार, सगळे नवस फेडायला आलेले दिसतील आणि रथाचं वर्ष असेल तर दोराजवळ कोण उभं आहे तेही दिसेल.

कोळ्यांशी तुलना करायचीच तर वसईच्या ख्रिस्ती कोळ्यांशी करा. तिथेही पोर्तुगीज, चर्च आणि समुद्र आहेत. फरक मोत्यांचा आहे. वसईच्या कोळ्यांच्या मासळीसाठी कोणी युरोपातून आरमार पाठवलं नाही.